लूलूचा माणूस

आधी एक गोष्ट क्लिअर करते. चिंपांझीला माकड म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं एकदा, नऊ वर्षांची असताना, तर रामचंद्रकाकांनी हातातली बादली धाडकन खाली ठेवली आणि म्हणाले, "बाय, शेपूट खंय आसा तिका? दाखव बघू." मी गजांमधून बघितलं. खरंच नव्हतं. "मग? शेपूट नाय, तर माकड नाय. तिका नाव आसा, नावान हाक मार."

नाव होतं लूलू. अरबीत लूलू म्हणजे मोती. काका मात्र तिला चेडू म्हणायचे, मालवणीत मुलीला म्हणतात तसं, आणि ती दोन्ही नावांना ओ द्यायची. ओ म्हणजे काय, ओठ लांब काढून हूऽऽ.

काका म्हणजे रामचंद्र घाडी. कुडाळजवळच्या एका वाडीतले, हाडाचे गवंडी. नव्व्याण्णव साली दुबईला आले ते विटा-सिमेंटच्या कामाला, आणि शेवटी वाळवंटात आफ्रिकेचं जंगल सांभाळत राहिले. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी फेकतेय. नाही फेकत. मी तिथे होते, गाडीत होते, डोळ्यांनी बघितलंय. जे नाही बघितलं ते बाबांकडून आणि डॉक्टर राजनकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता माझंच झालंय.

माझे बाबा, सुजीत, दुबईच्या देरा भागात एका ऑफिसात होते, मालकाची सगळी कागदपत्रं त्यांच्याकडे. मालकाला इथे अरबाब म्हणतात. ह्या अरबाबचा धंदा टॉवर बांधायचा, आणि अल ऐनच्या रस्त्यावर, दुबईपासून तासाभरावर, त्याचा फार्म होता. खजुराची झाडं, उंटांचा गोठा हे काय सगळ्यांचंच असतं. ह्यानं काचेच्या छपराचा एक प्रचंड हॉल बांधून घेतला होता, आत दिवसरात्र एसी, वरून पाण्याचे बारीक फवारे, केळी, वेली, शेवाळ, आणि त्यात आफ्रिकेच्या रेनफॉरेस्टमधली जनावरं. तांबड्या कातडीवर पांढरे पट्टे असलेली बोंगो हरणं. लाल शेपटीचे करडे पोपट. मॅन्ड्रिल नावाचं एक धूड माकड, तोंड लाल आणि निळं, काका त्याला दशावतारी म्हणायचे, कारण त्यांच्याकडे जत्रेतल्या नाटकात राक्षस असंच तोंड रंगवून येतो. दार उघडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि ओल्या मातीचा वास यायचा. बाहेर सेहेचाळीस डिग्री. वेडेपणा होता सगळा. पण सुंदर वेडेपणा होता.

काका तिथे पिंजरे बांधायलाच गेले होते. दोन हजार दोन साली एका खोक्यातून वर्षाची लूलू आली. दूध घेईना, कोणाकडे जाईना, तीन दिवस कोपऱ्यात तोंड घालून बसली. चौथ्या दिवशी काका पिंजऱ्याचा उंबरा घालत उकिडवे बसले होते तर ती मागून आली आणि त्यांच्या पाठीला चिकटली. सुटेचना. सिमेंटच्या हातानं त्यांनी बाटली धरली आणि ती प्यायली. अरबाब म्हणाला, "खलास. हा माणूस आता इथेच." बस. गवंड्याचा जनावरवाला झाला.

आता पिंजऱ्याला उंबरा कोण घालतं? काकांनी घातला. जिथे जीव राहतो ते घर, आणि उंबऱ्याशिवाय घर कसं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते घाडी. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारं घराणं, वडील देवळात घालायचे, आजोबा घालायचे. मग काका इथे घालायला लागले. दर सोमवारी, प्रत्येक पिंजऱ्यापुढे, उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जीवाक सांभाळ रे म्हाराजा," आणि एक गोल दगड होता त्यांच्याकडे, त्यानं तीन ठोके. ठक, ठक, ठक, नारळ फुटला. अर्धा जनावराला. मागे खैरुद्दीन उभा असायचा, फार्मचा वॉचमन, पेशावरचा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस, तो पण खोबऱ्यासाठी थांबायचा. वर टोमणा मारायचा, "रामचंद्र, तेरी एक बेटी कोंकण में, एक बेटी पिंजरे में. इसकी शादी में बुलाना, यारा."

लूलू हे सगळं सात वर्षं बघत होती. गजांना तोंड लावून. ती काय बघत होती ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग दोन हजार आठ संपता संपता मंदी आली आणि सगळं कोसळलं. आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगमधली चार घरं एका महिन्यात रिकामी झाली, माझ्या वर्गातली मुलं सोमवारी होती आणि गुरुवारी नव्हती. अरबाबचे टॉवर अर्धे बांधून तसेच राहिले. तो ट्रीटमेंटसाठी म्हणून परदेशात गेला आणि फोन बंद. फार्मवरची माणसं गेली, मग जनावरं गेली. बोंगो कोणी नेले, दशावतारी कोणी नेला, पोपट तर ऑफिसातल्या एका साहेबानंच उचलले. लूलूला कोणी हात लावेना, कारण तिचे कागदच नव्हते. कुठल्या जंगलातून, कोणी, कशी आणली, काहीच नाही. तिच्या आईला मारल्याशिवाय एवढं पिल्लू हाती लागत नाही, हे डॉक्टर राजननी मला खूप नंतर सांगितलं आणि मी दोन दिवस जेवले नाही.

उरले काका, खैरुद्दीन आणि लूलू. जनरेटर दिवसातून चार तास चालायचा, दुपारी, नाहीतर काचेखाली ती भाजून निघाली असती. फवारे बंद, केळी वाळली. काका तिच्यावर पाइपनं पाणी मारायचे आणि ओलं पोतं पांघरायचे. जनरेटरच्या धुरानं त्यांना खोकला लागला तो कायमचा.

बाबांनी खटपट करून काकांचा पासपोर्ट सोडवला, तिकीट हातात दिलं. काका गेले नाहीत. बाबा फोनवर ओरडायचे ते मला अजून ऐकू येतं, "अहो रामचंद्र, वेड लागलंय का तुम्हाला? सगळे गेले! तुम्ही काय त्या फार्मचे वारस आहात?"

"साहेब, मी गेलंय तर तिका पाणी कोण देतलो?"

"खैरुद्दीन देईल!"

"तो तिका घाबरता."

गावाहून सत्यभामाकाकू फोन करायच्या, त्यांची मुलगी संपदा तेव्हा बारावीत. "त्या चेडवाचा झाला की हंयच्या चेडवाकडे पण बघा जरा." काका हसायचे. 

डॉक्टर राजन म्हणजे पूर्वी फार्मवर यायचे ते मल्याळी व्हेट. त्यांनी महिनाभर ह्याच्या-त्याच्या मागे लागून जनावरांच्या एका सेंटरमध्ये लूलूसाठी जागा मिळवली, तिथे तीन चिंपांझी आधीच होते. पण अट होती. स्पष्ट. ते काकांना समोर बसवून म्हणाले, "रामचंद्रा, ध्यान से सुनो. ये लोग बडा मुश्किल से माना है. लूलू बाहर भागा, किसी को काटा, तो जागा नहीं मिलेगा. फिर दूसरा कोई नहीं लेगा. फिर मेरे को उसको मौत का इंजेक्शन देना पडेगा. समझा?"

काका समजले होते. तो शुक्रवार आम्हा सगळ्यांना माहीत होता. जुलै दोन हजार नऊ, जुम्म्याच्या नमाजानंतर सेंटरची गाडी येणार, लूलूला नेणार. बाबांकडे अरबाबच्या ऑफिसचं सोडपत्र होतं ते द्यायला आम्ही निघालो. आईची ड्यूटी होती म्हणून मी आणि माझी पाच वर्षांची बहीण शुभ्रा मागच्या सीटवर.

सव्वाबाराला पोचलो. खैरुद्दीन मशिदीत गेला होता, गेट बाबांनीच ढकललं आणि उघडंच ठेवलं, आता ती गाडी येईलच म्हणून. गेटपासून हायवे जेमतेम चारशे मीटर, ट्रक नुसते सुसाट.

"गाडीतून उतरायचं नाही," बाबा आम्हाला म्हणाले. एसी चालू ठेवला आणि सोडपत्र घेऊन काकांच्या खोलीत गेले.

काकांचे डोळे सुजलेले होते म्हणे. स्टोव्हवर चहा ठेवला होता. बाबांना म्हणाले, सकाळी शेवटचं गाऱ्हाणं घातलं, "लेकीक सासरी धाडतंय, सांभाळ रे म्हाराजा" असं म्हटलं, नारळ फोडला आणि मग रडूच फुटलं, तसाच उठून आलो.  बाबा कप विसळायला लागले.

आणि तेव्हा हॉलमधून आवाज आला. ठक.

काका थांबले.

ठक. ठक.

"साहेब," काका म्हणाले, "दगड."

सात वर्षांत पहिल्यांदा ते दगड उचलायचा विसरले होते. दगड उंबऱ्यापाशी, गजातून हात पोचेल असा. दाराला कड्या दोन होत्या, पण वरच्या कडीचं वेल्डिंग मे महिन्यात सुटलेलं आणि वेल्डर आणायला फार्मवर माणूसच नाही, त्यामुळे कुलूप फक्त खालच्या कडीला. आणि ते कुलूप नेमकं उंबऱ्यावर टेकायचं. नारळ जिथे ठेवायचे ना, तिथेच. खाली काहीतरी कडक असलं, वरून दगड मारला, तीन वेळा मारला, की ते फुटतं आणि आत चांगलं काहीतरी असतं. हे तिला काकांनीच शिकवलं होतं. स्वतःच्या हातानं, दर सोमवारी, देवाचं नाव घेऊन!

मी बघितलं ते हॉलचं दार उघडताना. लूलू बाहेर आली. ती कधीच बाहेर आली नव्हती. आधी एक पाय वाळूवर ठेवला आणि मागे घेतला, भाजला असणार. मग आभाळाकडे बघितलं. मग आमच्या गाडीकडे.

शुभ्रा म्हणाली, "दीदी, इज शी कमिंग हिअर?"

"गप बस."

"शी इज कमिंग हिअर."

चार उड्यांत ती बॉनेटवर. बॉनेट तव्यासारखं तापलेलं, ती किंचाळली आणि टपावर गेली, तिथेही भाजलं, मग माझ्या बाजूच्या दाराला लटकली. तिचं तोंड आणि माझं तोंड, मध्ये फक्त काच. मी तिला इतक्या वेळा केळी दिली होती आणि ती मला ओळखत होती, शप्पथ, पण त्या डोळ्यांत मी नव्हते, नुसती घाबरलेली होती ती. तिनं काचेवर हात मारला. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेली. शुभ्रा माझ्या मांडीत घुसली. मी हॉर्न वाजवायला पुढे वाकले तर काकांचा आवाज आला, अगदी साधा, भाजी आणायला सांगावी तसा.

"बाय, हॉर्न नको. बस गप."

ते पळत आले नाहीत. मला तेव्हा राग आला होता, इतका, की पळत का नाही! ते चालत आले, गाडीपासून दहा पावलांवर थांबले, आणि तिच्याकडे पाठ करून त्या पेटलेल्या वाळूत मांडी घालून बसले. बाही वर केली आणि स्वतःच्या हातावरचे केस विंचरायला लागले, नखानं, हळूहळू, उवा बघतात तसं. चिंपांझी एकमेकांचं असं करतात. म्हणजे सगळं ठीक आहे, ये, बस. जनावराच्या मागे धावलं की ते पळतं, हे काका सात वर्षांत शिकले होते.

लूलूचा हात काचेवरून सुटला. ती खाली उतरली. एक पाऊल. पाय उचलून उचलून टाकत, भाजत होतं ना, दुसरं पाऊल. काका हातावरून नजर काढत नव्हते. तिनं हात लांब केला त्यांच्या पाठीकडे.

आणि सेंटरची गाडी आत आली. मागे बंदोबस्ताला पोलिसांची. बिचाऱ्या ड्रायव्हरनं उघडं गेट बघून दोनदा हॉर्न दिला, आलो म्हणून.

लूलू उडालीच. थेट गेटकडे. बाबा, माझे बाबा, जे झुरळ आलं तर आईला हाक मारतात, ते गेटपाशीच होते, बंद करायला धावले होते. त्यांनी ते ढकललं आणि स्वतः आडवे उभे राहिले, डोळे मिटून. ती त्यांच्यापर्यंत गेली, वळली आणि भिंतीला लागून असलेल्या खजुराच्या झाडावर चढली. तिथून भिंतीवर जायला एक उडी पुरली असती. भिंतीपलीकडे हायवे.

पोलीस उतरला. तरुण होता, त्याचा काय दोष, समोर फुटलेली काच, आत दोन लहान मुली. त्यानं बंदूक काढली आणि झाडाकडे धरली.

सेंटरच्या गाडीतून आलेले डॉक्टर राजन मध्ये आले, हात वर करून अरबीत काहीतरी भराभर बोलले. सेंटरचा माणूस म्हणाला, बेशुद्धीचं इंजेक्शन मारा ना. राजन म्हणाले, "इस धूप में? इतना भागने के बाद? बेहोश होने में दस मिनट. उसमें वो दीवार कूदेगा. नहीं कूदा तो बॉडी गरम होके मरेगा."

पोलिसानं घड्याळ बघितलं आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. भिंतीवर आली तर गोळी.

काका वाळूतून उठले. धोतराला पुसावेत तसे हात लुंगीला पुसले आणि म्हणाले, "पेटी उतरवा."

न्यायची पेटी लोखंडी, उभ्या माणसाला डोकं वाकवावं लागेल एवढी, बाजूला भोकं, आणि पुढचं दार वरून खाली पडणारं, दोरीनं ओढून धरायचं, सोडलं की धाडकन बंद. हॉलच्या सावलीत ती ठेवली. काका बाबांकडे आले.

"साहेब, दोरी तुम्ही धरा."

"मी?" बाबांचा चेहरा. "अहो त्यांच्यातला कोणीतरी..."

"तिका अनोळखी माणूस जवळ चलात नाय. तुमका ती ओळखता. मी आत बसतंय. ती आत इली की मी सांगतंय तेव्हा सोडा. माझी फिकीर करू नका."

"आणि तुम्ही आतच राहाल? तिच्याबरोबर? बंद?"

"मग काय भायर राहून तिका आत जा म्हणून सांगू? ऐकतली ती?"

आणि ते गेले आत. पाठ भिंतीला लावून बसले.   बाबा पेटीच्या बाजूला, दोन्ही हातांत दोरी, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

आतून काकांचा आवाज यायला लागला. रागवल्यासारखा. सात वर्षं रोज रागवायचे तसाच.

"खंय गेल्लंस गे उंडारूक? पाय भाजले ना? बरा झाला. आता ये. हंय सावली आसा."

झाडावर काही हललं नाही. एक मिनिट. दोन. पोलिसाची बंदूक खांद्याशी.

"येतंस की मी जाव घराक? बघ हां, जातंय मी."

ती उतरली. सरळ नाही आली. भिंतीच्या कडेकडेनं, थांबत, बंदुकीकडे बघत. पेटीच्या तोंडाशी येऊन बसली आणि आत हात घालून काकांच्या गुडघ्याला बोट लावलं. काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आवाज तोच, चढला नाही, उतरला नाही, पण आता त्या रागवण्यातच ते बाबांशी बोलत होते, म्हणजे तिला कळू नये.

"काय ह्या पायाचा करून घेतलंस गे. साहेब, सोडू नका, पाय भायर आसा. बस हंय. गप रव. अजून नको. माझ्या मांडयेर बस, हां. आता, साहेब."

बाबा हललेच नाहीत.

"आता, साहेब. सोडा. गप रव गे चेडवा. सोडा दोरी."

बाबांची बोटं उघडेचनात. नंतर म्हणाले, मला दिसत होतं की मी एका माणसाला कोंडतोय. लूलूनं मान वळवली, बाहेर बघितलं, उठायला लागली.

"मेल्या सायबा, सोड म्हणतंय ना!" काका त्याच शांत, रागावलेल्या आवाजात म्हणाले.

धाड!

आख्खी पेटी हादरली. आतून लूलूची किंकाळी, मग धडपड, मग एकदम काही नाही. बाबा भोकाला डोळा लावून होते. ते एकदम मागे सरले. ती दाराच्या आवाजानं घाबरली होती आणि काकांच्या दंडाला चावली होती. अजून दात सोडले नव्हते. आणि काकांनी ओरडायच्याऐवजी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला होता.

माणसाला चावली तर जागा नाही. इंजेक्शन.

पोलीस जवळ आला. "खलास?" त्यानं विचारलं.

"खलास, हबीबी," आतून काकांचा आवाज. नॉर्मल! मी आजही विचार करते, कसा काढला असेल.

राजनच्या हातात फॉर्म होता. माणसाला इजा, होय की नाही, असा रकाना. ते भोकापाशी वाकले. खूप वेळ वाकलेले होते. "रामचंद्रा, खून कैसा?"

"कील लगा, साब."

वेल्ड केलेली, गुळगुळीत लोखंडी पेटी. त्यात एकही खिळा नव्हता. राजननी बाबांकडे बघितलं. बाबांनी जमिनीकडे बघितलं. पोलीस दोघांकडे बघत होता. मग राजननी खिशातून पेन काढलं, "नाही"वर खूण केली आणि सही ठोकली. "यल्ला, चलो," ते म्हणाले, आवाज जरा मोठाच लागला त्यांचा, "गाडी में डालो. ये भी साथ जायेगा. अभी निकाला तो फिर से गडबड करेगा."

सेंटरचा माणूस कुरकुरला, माणूस पेटीत न्यायचा नियम नाही. काका आतून म्हणाले, "मैं सामान है. सामान लिखो." पोलीस हसला. पहिल्यांदा. आणि बंदूक गाडीत ठेवली.

दीड तासाचा रस्ता ते त्या पेटीत बसून गेले, ती मांडीवर, दंडाला तिचंच ओलं पोतं गुंडाळलेलं. संध्याकाळी राजननी आपल्या क्लिनिकमध्ये मांजरांच्या टेबलावर काकांना झोपवून अकरा टाके घातले. जनावरांच्या डॉक्टरनं माणसाला! आईला आम्ही सांगितलं, ट्रकचा दगड उडून काच फुटली. तिला अजून तेच माहीत होतं, आता हे वाचून कळेल.

मला वाटलं होतं संपलं. लूलू वाचली. पण दोन आठवड्यांनी राजनचा फोन आला की ती खात नाही. ज्या दारातून काका बाहेर पडले त्या दाराला तोंड लावून बसते, बाकीच्या चिंपांझींनी हात लावला तर किंचाळते. काका विमानाच्या दिवसापर्यंत आमच्याकडेच राहत होते, ते लगेच निघाले, बाबांना गाडी काढायला सांगत होते. राजन म्हणाले, नको. तुम आया तो आज खायेगा. तुम गया तो मरेगा. काका आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसून राहिले, हात मांडीत. रोज फोन करायचे. "खाया? नहीं खाया?" पाचव्या दिवशी अर्धं सफरचंद. मग पपई. मग राजन म्हणाले, मनोरमा तिच्या शेजारी बसायला लागलीय. मनोरमा म्हणजे तिथली सगळ्यात म्हातारी चिंपांझी, राजननी त्यांच्या शाळेतल्या बाईंवरून नाव ठेवलेलं.

सप्टेंबरात काकांचं विमान होतं. त्याच दिवशी सकाळी राजननी आम्हाला सेंटरला बोलावलं. एका अंधाऱ्या खोलीत काच होती, आपल्याला पलीकडचं दिसतं, त्यांना आपण दिसत नाही. "लेकिन आवाज जाता है," राजन म्हणाले. "रामचंद्रा, एक शब्द नहीं. चार दिन से ही उसके साथ बैठता है. तुम्हारा आवाज सुना तो छोड के आयेगा, फिर मनोरमा दुबारा नहीं लेगा उसको."

काकांनी मान हलवली आणि काचेशी गेले.

लूलू पाठमोरी बसली होती, आमच्यापासून हातभर. मागे मनोरमा, तिच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करत, अगदी आरामात. लूलूचे पाय बरे झाले होते. काकांचे ओठ पुढे आले, त्या हूऽऽ सारखे, आणि तसेच राहिले.

आणि त्यांना खोकला आला.

मी त्यांच्या बाजूलाच होते. छाती वर उचलली गेली, डोळे बाहेर आले. त्यांनी दंडावरची बाही ओढून अख्खी तोंडात कोंबली, दोन्ही हातांनी दाबली, गुडघ्यांवर बसले. अंग गदागदा हलत होतं आणि आवाज नाही. जरासुद्धा नाही. बाबा त्यांना धरायला वाकले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. काचेपलीकडे लूलूनं डोकं उचललं. दाराकडे बघितलं. कान दिले. राजननी माझा खांदा घट्ट धरला होता, मला दुखत होतं.

मनोरमानं तिचा खांदा ओढला, चल बस गं, असं. लूलू थोडा वेळ तशीच दाराकडे बघत राहिली. मग तिनं डोकं खाली घातलं आणि मनोरमाच्या मांडीवर टेकलं.

काका रांगत दारापर्यंत आले, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उठले, दार हळूच लावून घेतलं आणि मग खोकले, भिंतीला धरून, किती तरी वेळ. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि राजनना म्हणाले, "डॉक्टरसाब, उसको बुखार आया तो सादा पानी नहीं पीती. लिंबू डालके देना. और केला छीलके मत देना, उसको राग आता है."

राजननी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. विमानाला तीन तास होते. बाबांनी गाडी काढली.